बुलेटची नक्षीदार चामडी सीट घरी करायची आहे: कातडं, ठोकाकाम, रंग आणि आपला पाऊस

घाटवळण
नमस्कार मंडळी. माझ्याकडे रॉयल एनफिल्डची क्लासिक आहे, २००९ नंतरच्या सुरुवातीच्या खेपेतली, स्प्रिंगवाल्या सुट्या सीटची. रेक्झिन फाटलंय, फोम बसलाय. नवी सीट तयार मिळते हे ठाऊक आहे, तो सल्ला कृपया नको. मला जाड चामड्याची, नक्षी ठोकलेली सीट हवी आहे, अमेरिकेत चॉपर गाड्यांवर दिसते तशी, आणि ती स्वतःच्या हातानं करायची आहे. लाकूडकाम येतं, हत्यारांची सवय आहे. चामड्याला मात्र आजवर हात लावलेला नाही.

अडचण अशी की व्हिडिओ सगळे तिकडचे. 'आठ-नऊ औंसाचं व्हेज टॅन घ्या' म्हणतात आणि पुढे जातात. औंस म्हणजे नेमकी किती जाडी, इथे ते कातडं कुठे मिळायचं, आणि जून ते सप्टेंबर त्याचं काय होतं, हे कोणी बोलत नाही. मित्रानं एका ठिकाणी पैसे मोजून अशी सीट करून घेतली (ठिकाणाचं नाव लिहीत नाही). दिसायला झकास. पहिल्या वळवात पांढऱ्या पँटवर बदामी नकाशा उमटला. आता सीटवर टॉवेल टाकून बसतो बिचारा.

तर प्रश्न असे: कातडं कुठलं, आकार आधी द्यायचा की नक्षी आधी, आणि रंग पक्का कसा करायचा. नक्षी म्हणून मधोमध राजमुद्रा घ्यावी असं मनात आहे.

पंक्चरवाला
बाकीचं नंतर. राजमुद्रेवर *बसणार* तुम्ही?

माणदेशी
+१. टाकीवर लावा, हँडलवर लावा. बुडाखाली नको राव. गाव सोडून जावं लागेल.

घाटवळण
मुद्दा बिनशर्त मान्य. नक्षी दुसरी शोधतो. आता मूळ विषयावर या.

रापी_आरी
कोल्हापूरचा आहे, घरात चपलेचा धंदा. सविस्तर लिहितो.

औंसाचा हिशोब सोपा आहे, एक औंस म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर. आठ-नऊ औंस म्हणजे सव्वातीन ते साडेतीन मिमी. सीटच्या वरच्या तुकड्याला तीन ते साडेतीन धरा, खालच्या पट्टीला दोन-अडीच पुरे. दुकानात औंस बोलू नका. मिमी सांगा, नाहीतर सरळ कॅलिपर घेऊन जा.

नक्षी फक्त साल-पाल्यानं कमावलेल्या, म्हणजे तुमच्या व्हेज टॅन, कातड्यावरच बसते. पर्स, जॅकेट, सोफा यांचं चामडं बहुतेक क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. त्यावर कितीही ठोका, उद्या सकाळी सपाट. दुकानदार काहीही म्हणो, आपण परीक्षा घ्यायची. पाण्याचा थेंब टाकला की साल-कमावलेलं कातडं तो पितं आणि तिथे गडद होतं. नख दाबलं की खूण राहते. रंग न दिलेल्या क्रोमच्या तुकड्याची कापलेली कड निळसर-करडी दिसते. तरी शंका असली तर बोटभर तुकडा मागून घ्या आणि घरी उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका. साल-कमावलेला आकसून वाकडातिकडा, कडक होतो. क्रोमचा जवळपास आहे तसा बाहेर येतो.

आता कोल्हापुरी कातड्याबद्दल, कारण पुढचा प्रश्न तोच असणार. आमच्याकडची जुनी पद्धत म्हणजे कातडं शिवून त्याचीच पिशवी करायची, आत बाभळीची साल, हिरडा आणि पाणी भरायचं आणि टांगून ठेवायचं. अर्क आतून बाहेर झिरपत कातडं कमावतो. ते ताठ असतं, ठसा छान धरतं, चपलेवर आम्ही ठसे मारतोच. पण ते तळाच्या कामाचं, बहुतेक म्हशीचं. म्हशीच्या कातड्याचा दाणा मोठा, तंतू सैल. बारीक पाकळ्या, पानांच्या शिरा त्यात नीट उठत नाहीत. मोठी, मोकळी नक्षी असेल तर चालेल. २०१५ पासून महाराष्ट्रात बैल-वळू कापायलाही बंदी आहे, त्यामुळे इथलं गाय-बैलाचं कातडं कमीच. बारीक काम करायचं असेल तर चेन्नई-कोलकात्याकडून आलेलं साल-कमावलेलं गायीचं कातडं बघा. धारावीत चौकशी केली तर मिळतं, पण प्रत्येक खेपेचा माल वेगळा.

तुकडा पाठीचा किंवा खांद्याचा घ्या. पोटाकडचा स्वस्त देतात, तो ताणतो, सीटवर महिन्याभरात झोळी होते.

माणदेशी
जबरी प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

घाटवळण
रापीदादा, दंडवत. उकळत्या पाण्याची परीक्षा कुठेच वाचली नव्हती. जिनगर म्हणून घोड्यांचं खोगीर करणारे असतात, त्यांच्याकडचं कातडं चालेल का? कानपूरहून खोगिरांचा माल येतो असं ऐकलंय.

रापी_आरी
चालेल की. खोगिराचं, लगामाचं कातडं ताठ आणि साल-कमावलेलंच असतं. फक्त बरंचसं आधीच तेल-मेण मुरवून, रंगवून येतं. तसं घेऊ नका. पाणी न पिणाऱ्या कातड्यावर नक्षी होत नाही. कोरं मागा.

ह्यूस्टनकर
उशिरा आलो. मी टेक्सासात असतो. इथे हा छंद म्हणजे गल्लोगल्ली, १९१९ ला फोर्ट वर्थमध्ये चामड्याच्या धंद्यात उतरलेली टँडी नावाची कंपनी याच छंदाचं सामान विकते. त्यामुळे सामान हाताशी, तक्रारीला जागा नाही. कातड्यात रापीदादांपुढे मी काय बोलणार. ठोकाकामावर लिहितो.

चॉपरच्या सीटवर दिसणारी फुला-वेलांची नक्षी मुळात काउबॉयच्या खोगिरावरची. त्यातली सगळ्यात गाजलेली शैली वायोमिंगमधल्या शेरिडन गावाची, डॉन किंग नावाच्या खोगीर कारागिरानं नावारूपाला आणलेली. लहान फुलं, आणि एकात एक अडकलेल्या गोल वेली. मोटरसायकलच्या सीटला ती शोभते कारण सीटचा आकारही गोलच.

आकार आधी की नक्षी? दोन्ही, आलटून पालटून. सीटच्या पत्र्याच्या तळावर, म्हणजे पॅनवर, बंद छिद्रांचा फोम चिकटवा, अर्धा इंच बास, कडेला घासून उतरता करा. स्पंजासारखा फोम नको, तो पाणी पितो. दीड फूट बाय दीड फुटाचं कातडं कोमट पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबले की काढा, पॅनवर पसरा आणि तळव्यानं दाबत बसवा. कडा खाली वळवून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधा. सुकलं की पॅनची कड कुठे येते ती रेघ आखा. मग सोडा, पुन्हा ओलं करून सपाट करा. आता तुम्हाला नक्षीची हद्द कळली. कडेपासून दोन सेंटीमीटर आत थांबा, कारण वळणावर फूल ताणतं आणि भोपळा होतो.

नक्षी करताना कातडं ओलं हवं, पण ओलं गच्च नको. सगळी गंमत इथेच आहे. दोन्ही बाजूंनी स्पंजानं पाणी द्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर ठेवा. सकाळी काढून उघडं ठेवा. रंग मूळच्या जवळ परत येतो, पण गालाला लावलं तर गार लागतं. ती वेळ. त्या वेळी बेव्हलर (कापाची एक बाजू दाबून उतरती करणारा ठसा) मारला की ठशाच्या तळाशी कातडं आपोआप तपकिरी होतं. तो तपकिरी रंग आला नाही आणि ठसा चिखलात उठल्यासारखा मऊ आला तर पाणी जास्त आहे, थांबा. चाकू अडखळत, ओढत चालला तर एकतर कातडं सुकलंय किंवा पात्याला धार नाही.

चाकू म्हणजे स्विव्हल नाइफ. वरच्या कमानीत तर्जनी, बाकी बोटांनी दांडा फिरवायचा, पातं स्वतःकडे ओढायचं आणि उभंच ठेवायचं. खोली जाडीच्या तिसऱ्या हिश्शापासून फार तर निम्मी. दर पाच-दहा मिनिटांनी पातं पॉलिशचा हिरवा साबण लावलेल्या चामड्याच्या पट्टीवर ओढा. नवशिक्यांची निम्मी दुखणी तिथेच बरी होतात. मग कापाच्या एका बाजूला बेव्हलर, मोगरीनं टक-टक मारत, निम्मा ठसा आधीच्या ठशावर ठेवत सरकवायचा. सरकवताना उचललात तर पायऱ्या दिसतात.

आणि एक. ठोकलं की कातडं पसरतं. मागच्या बाजूला आधीच पॅकिंगची रुंद चिकटपट्टी आडवी-उभी लावून टाका. काम झालं की सावकाश सोडवा.

पंक्चरवाला
ट्यूबा माझ्याकडून न्या. फुकट. राजमुद्रा रद्द केल्याबद्दल.

घाटवळण
खाली ठेवायला ग्रॅनाइट हवा म्हणतात. घरी कडप्प्याचा तुकडा आहे, ओटा बदलताना उरलेला. चालेल?

ह्यूस्टनकर
जाड असेल तर चालेल. पातळ कडप्पा थर सोडतो आणि एखाद दिवशी तडकतो. खाली रबरी चटई घाला, शेजाऱ्यांच्या शिव्या कमी बसतील.

हिरडा_बेहडा
मी चर्मशास्त्र शिकले, काही वर्षं टॅनरीत काम केलं. या चर्चेत अजून न आलेलं एक भूत आहे. लोखंड.

साल-कमावलेल्या कातड्यात टॅनिन भरलेलं असतं. ओल्या कातड्याला लोखंड भेटलं की काळं-निळं होतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिळून जुन्या काळी काळी शाई करायचे, तीच क्रिया. घाटवळण, तुम्ही पॅन स्वतः कापून घासणार असाल तर त्याच खोलीत, त्याच टेबलावर कातडं ओलं करू नका. ग्राइंडरची धूळ डोळ्याला दिसत नाही, आणि सकाळी पिशवी उघडली की सीटवर मिरी उधळल्यासारखे काळे ठिपके. रंग देण्याआधी असतील तर ऑक्झॅलिक आम्लाच्या पातळ पाण्यानं किंवा लिंबाच्या रसानं पुसून बऱ्यापैकी जातात, नंतर साध्या पाण्यानं पुसून घ्यायचं. रंग चढल्यावर कपाळावर हात.

त्याच न्यायानं रिव्हेट तांब्याचे, पितळेचे किंवा स्टेनलेसचे. पॅनला आतून-बाहेरून प्राइमर आणि रंग, आणि तळाला पाणी निथळायला भोक. गंजलेला पॅन दोन पावसाळ्यांत खालून डाग वर आणतो.

माणदेशी
म्हणजे काळी सीट हवी असेल तर मुद्दाम लोखंड लावायचं? :)

हिरडा_बेहडा
हसू नका, करतात. व्हिनेगरमध्ये खिळे किंवा लोखंडाचा कीस विरघळवून ते पाणी कातड्याला लावतात. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यानं आम्ल मारायचं आणि तेल द्यायचं. हा काळा कातड्याच्या आतच तयार होतो, वर बसवलेला रंग नसतो, म्हणून पँटला फारसा लागत नाही. घाटवळण, तुमच्या मित्राच्या दुखण्यावर हा खरा तोडगा आहे. फक्त सगळं काळंच होतं, नक्षीत दोन रंग खेळवता येत नाहीत.

घाटवळण
मला मातकट तपकिरी हवाय, खोबणीत गडद. त्याचं सांगा ताई. तिथेच सगळे आपटतात असं दिसतंय.

हिरडा_बेहडा
आपटतात कारण रंग एकदाच भरपूर लावतात. कातडं पिऊ शकेल तेवढं पितं, उरलेला वर भुकटीसारखा बसतो. तीच भुकटी पावसात पँटवर उतरते.

माझा क्रम सांगते. नक्षी करून पॅनवर पुन्हा बसवलेलं कातडं पूर्ण सुकू द्या, सावलीत, पंख्याखाली, घाई न करता. उन्हात किंवा हीटरसमोर ठेवलं तर आकसून करकरीत होतं. मग नीट्सफूट तेलाचा अगदी हलका हात, कापडाच्या बोळ्यानं. एक दिवस मुरू द्या. त्यानं रंग डाग न पाडता सारखा चढतो. जास्त तेल पाजलं तर कातडं लुळं पडतं, नक्षीची धार जाते. सीटला ताठपणा लागतो, हे चपलेचं तेलपाणी नाही.

रंग स्पिरिटमधला, निम्मा पातळ करून दोन-तीन हात, प्रत्येक वेळी दिशा बदलून. मग किमान रात्रभर थांबा. आणि आता जे कोणी करत नाही ते करा: स्वच्छ सुती कापडानं घासत बसा. कापडाला रंग येतो तोवर कापड बदला, घासा. हात दुखले पाहिजेत. कापड जवळजवळ स्वच्छ आलं की मगच ॲक्रिलिक फिनिशचा पहिला हात, निम्मं पाणी घालून, पातळ. सुकला की दुसरा. जाड थर देऊ नका, बसल्यावर वाकतो तिथे तडे जातात.

खोबणीतला गडदपणा या थरानंतर. अँटिक पेस्ट नक्षीत चोळा आणि लगेच वरवरची पुसून काढा. खोबणीत राहते ती तुमची सावली. वाळली की वर पुन्हा एक फिनिशचा हात, आणि सगळ्यात शेवटी मेण. मेण आधी लावलंत तर त्यावर ॲक्रिलिक धरणार नाही, पापुद्रे निघतील.

गाडीवर चढवण्याआधी पांढरं सुती कापड ओलं करून पिळा आणि सीटच्या मधोमध जोर लावून पंचवीस-तीसदा घासा. रंग आला तर पँटलाही येणार. मित्राच्या कारागिरानं ही एक परीक्षा केली असती तर टॉवेल वाचला असता.

रापी_आरी
ताई, सगळं पटलं, तेलाचं सोडून. आमच्या घरात वाडवडिलांपासून एरंडेल. नीट्सफूट परदेशी, महाग, आणि म्हणजे काय तर गुराच्या नडगी-खुरांचं तेल. काय फरक पडतो?

हिरडा_बेहडा
चपलेला पडत नाही, तिथे एरंडेलच द्या. सीटवर दोन कारणांनी नको. घट्ट असतं, वर चिकटपणा राहतो, धूळ धरते. आणि त्या चिकट थरावर ॲक्रिलिक नीट बसत नाही. खोबरेल तर नकोच, थंडीत गोठून पांढरं येतं आणि लोक बुरशी समजून घाबरतात.

पंक्चरवाला
चामड्यावर बसणार आणि तेल मात्र शाकाहारी हवं. धन्य आपण सगळे.

रापी_आरी
मी शाकाहारी म्हणालो नव्हतो, स्वस्त म्हणालो होतो. एरंडेलावर मी ठाम आहे, पण सीट माझी नाही, त्यामुळे ताई म्हणतात तसं करा.

शिलाईबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वरचा तुकडा आणि खालची पट्टी यांच्यामध्ये पॅन अडकतो, कड सगळीकडून शिवायची. दोन मार्ग: मेणवलेल्या दोऱ्यानं दोन सुयांचा टाका किंवा चामड्याच्या वादीनं गुंफण. दोन सुयांच्या टाक्यात एक धागा तुटला तरी दुसरा धरून राहतो, मशीनचा टाका तसा नाही, तो उसवत जातो. वादी दिसते देखणी. पण सीटच्या पुढच्या टोकाला मांडी घासते, तिथे ती आधी झिजते. मी तुमच्या जागी असतो तर दोऱ्यानं शिवून वरून वादी फक्त मागच्या अर्ध्या भागात गुंफली असती.

भोकं आरीनं, पाच मिमी अंतरावर, चिमट्याच्या कंपासनं आधी रेघ मारून. दोन्ही थर सोल्युशननं चिकटवून मगच भोकं पाडा, म्हणजे सरकत नाहीत. कड रापीनं सारखी करून पॉलिश पेपर, मग डिंक कतिरा भिजवून त्याचा लेप देऊन लाकडाच्या गुळगुळीत दांड्यानं घासा. काचेसारखी चकाकते. पाणी कडेतून शिरतं हे विसरू नका, कड मेणानं बंद झालीच पाहिजे.

घाटवळण
नक्षी ठरली. पैठणीच्या काठातली आसावली वेल. आजीच्या साडीवरून ट्रेसिंग काढलं. शेरिडनच्या गोल वेलींसारखीच ती वळते, फक्त फुलं वेगळी. वेल कडेनं फिरवायची आणि मागच्या उंचवट्यावर एक मोठं फूल. मधोमध काय?

ह्यूस्टनकर
मधोमध काही नाही! बसायच्या जागी खोल नक्षी केली तर तीन गोष्टी होतात. पाणी साचतं, मळ साचतो आणि उठलेले भाग घासून गुळगुळीत होतात. इथले बरेच कारागीर मध्यभाग कोरा ठेवतात किंवा चटईच्या विणीचा उथळ ठसा मारतात. आसावली कडेनं हा उत्तम विचार. फोटो डकवा.

अवांतर: पैठणीतली फुलं भौमितिक असतात, पायऱ्या-पायऱ्यांची, कारण ती विणलेली. चामड्यावर तशीच उतरवली तर कडक दिसतील. कडा जरा गोल करून घ्या.

माणदेशी
मला मूळ प्रश्नाचं उत्तर अजून मिळालं नाही. महाबळेश्वरात जुलैमध्ये ही सीट टिकेल का?

हिरडा_बेहडा
टिकवायची कशाला? स्प्रिंगवाली सीट काही बोल्टांवर असते. मृगाआधी काढा, रेक्झिनची चढवा. ॲक्रिलिक आणि मेण शिंतोडे अडवतं, एखादी सर सोसतं. चार महिने रोजची भिजकी पार्किंग कुठलंच साल-कमावलेलं कातडं सोसत नाही, अमेरिकेतलं असो की कोल्हापूरचं.

काढलेली सीट पॉलिथिनमध्ये गुंडाळू नका, बुरशी हमखास. उशीच्या जुन्या अभ्र्यात घालून हवेशीर जागी, भिंतीला न टेकवता ठेवा. पांढरं दिसलं तर केस वाळवायच्या ड्रायरची हलकी ऊब द्या. विरघळून गेलं तर ती आतली चरबी वर आलेली, काळजी नाही. राहिलं तर बुरशी. कोरड्या ब्रशनं घराबाहेर झटका आणि पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा. सॅनिटायझर वापरू नका, अल्कोहोलनं फिनिश आणि रंग दोन्ही उचलतील.

माणदेशी
हे बाकी प्रामाणिक उत्तर. विकणारे सगळे 'वॉटरप्रूफ' म्हणून सांगतात.

पंक्चरवाला
ज्यांना बारा महिने चामडं हवंय त्यांनी जैसलमेरला राहायला जावं. आणि हो, सुटी सीट टाकून मागे वहिनींना मडगार्डवर बसवू नका, चौकात मामा उभा असतो.

घाटवळण
वहिनींनी आधीच सांगितलंय, त्या या गाडीवर बसणार नाहीत. सगळ्यांचे आभार. रापीदादा, कातडं तुमच्याकडे बघून घ्यायला पुढच्या महिन्यात कोल्हापूरला येतोय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. कागदी फरमा आणू की पॅनसकट येऊ?

रापी_आरी
पॅन, फोम लावून. कागदावर गोलाई कळत नाही, आणि खांद्याचा तुकडा कुठल्या दिशेनं ताणतो ते पॅनवर टाकूनच बघावं लागतं. म्हशीचा आणि गायीचा, दोन्ही तुकडे काढून ठेवतो. आसावलीचं ट्रेसिंगही घेऊन या, एक फूल दोन्हीवर ठोकून बघू आणि मग ठरवा.